चार बोटं माया

गल्लीत त्याला चारबोटे म्हणत. ते आडनाव नव्हतं, खोड होती. बाकीचे शिंपी शिवणीच्या आत बोटभर, फार तर दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात. हा चार बोटं सोडायचा. या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं, पोट सुटलं की शिवण उसवायची, मायेतलं थोडं कापड बाहेर घ्यायचं आणि पुन्हा टीप मारायची. चारबोटेचा कोट बापाला शिवला तर लेकाला होतो आणि वेळ पडली तर लेकाच्या सासऱ्यालाही होतो, अशी थट्टा चालायची. कापड जास्त लागतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि आठ-दहा वर्षांनी तोच कोट सैल करून घ्यायला मुकाट त्याच्याच पायऱ्या चढायची. "माया ठेवलेली वाया जात नाही," तो म्हणायचा. हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की त्याच्या बायकोला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

बायको काजं, बटणं, तुरपाई बघायची. चाळीस वर्षं दोघं एकाच खोलीत कामाला होते, तो टेबलाशी उभा, ती खिडकीशी खुर्चीत. बोलण्यात तिने त्याला बाजारात विकून वर सुटे पैसे परत आणले असते. आणि खाण्याची भारी शौकीन. भांड्याच्या तळाला लागलेली खरपुडी ती कोणाच्या बापाला द्यायची नाही. म्हणून ज्या दिवशी तिने ती खरवडून त्याच्या ताटात टाकली, त्या दिवशीच त्याला कळायला हवं होतं. पण ताटात जास्तीचं पडलं की पुरुषांना प्रश्न पडत नाहीत. त्याने खाल्ली. पुढे तीन महिने ती "दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं" म्हणत राहिली, आणि शेवटी नळी घालून आत बघितलं तेव्हा जठरात कॅन्सरची गाठ निघाली.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई चाळिशीच्या, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा एका कोपऱ्यात उसवला होता आणि चारबोटेचं निम्मं लक्ष तिथेच होतं. बायकोला बाहेर वजनकाट्यावर उभं केलं होतं. आत त्याच्यासोबत मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मेहुणा नळाची कामं करायचा आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला नळाच्या भाषेतच कळायची.

डॉक्टरबाईंनी कागदावर जठराचं चित्र काढलं आणि खालच्या अंगाला एक ठिपका गिरवला.

"ही गाठ. पण नुसती गाठ काढून भागत नाही, काका. तिच्या कडेकडेने कापलं तर डोळ्यांना न दिसणारं काहीतरी मागे राहतं. म्हणून भोवतालचा चांगला दिसणारा भागसुद्धा घ्यावा लागतो. पाच सेंटीमीटर तरी. शिवाय जठराभोवती चरबी असते, तिच्यात बारीक बारीक ग्रंथी असतात, रोग आधी तिकडे पळतो. त्याही काढायच्या. किती काढायचं आणि कुठे थांबायचं, आमची खरी डोकेदुखी तीच."

"पाच सेंटीमीटर म्हणजे दोन इंच," चारबोटे म्हणाला. "तीन बोटं. म्हणजे माया."

"काय?"

त्याने तो कागद ओढून घेतला आणि नखाने एक रेघ दाखवली. "हे समजा माप. शिंपी मापाच्या रेघेवर कात्री चालवत नाही. रेघेच्या बाहेर कापड सोडून कापतो. जे सोडलं ती माया."

डॉक्टरबाई खूश झाल्या. बारा वर्षं त्या लोकांना हे समजावत होत्या आणि समोरचे नंदीबैलासारखी मान हलवत होते. आधीपासून ठाऊक असलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. "झकास. मग आपण मायाच म्हणू," त्या म्हणाल्या. "गाठ, आणि गाठीभोवती माया. काकूंच्या जठराचे खालचे दोन हिस्से काढू, वरचा तिसरा हिस्सा ठेवू आणि त्याला आतडं जोडू. खाणं कमी होईल, पण खाता येईल."

"जोड गळणार नाही ना?" मेहुण्याने विचारलं.

"गळू शकतो. मला झोप लागत नाही ती त्याच्यामुळेच."

बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, "बाई खरी आहे, भाऊजी. आमच्यात असं कोणी कबूल करत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी बायको पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. तिला मागे नाड्या असलेला हिरवा झगा दिला होता. चारबोटेने सवयीने त्याची कड उलटून पाहिली. आत मायेचा पत्ता नव्हता. अगदी काठावर टीप मारलेली, चार धुण्यांत सुटली असती.

"नका बघू," ती म्हणाली. "घालायचाय मला, विकत नाही घ्यायचा."

तिने बांगडी काढून त्याच्या हातात दिली. ती सहज निघाली, साबण लागला नाही. दोघांनीही ते पाहिलं.

"एक काम करा," ती म्हणाली. "आत माझं तोंड बंद असणार, तेव्हा माझ्या वतीने तुम्हीच बोला. सगळं नका काढू देऊ. दोन घास मावतील एवढं ठेवायला सांगा. मला नुसतं जगायचं नाही हो, जेवायचंय."

"सांगतो."

"विसराल."

"नाही विसरत."

"तुम्ही गिऱ्हाइकाला बटणाचा रंग विचारायला विसरता."

"हे नाही विसरणार," तो म्हणाला, आणि खरंच विसरला नाही. पुढचं सगळं झालं ते त्याच्या हे नीट लक्षात होतं म्हणून.

तिला आठ वाजता आत नेलं. ऑपरेशनच्या दाराबाहेर एक लांब बाक होतं आणि समोर घड्याळ. हे घड्याळ तिथे ज्याने लावलं त्याला एकदा त्या बाकावर बसवायला हवं. मेहुणा थोडा वेळ बसला, मग हात धुवायला गेला आणि परत येऊन म्हणाला की इथल्या नळांचे वायसर गेलेत. चारबोटे खिशातला टेप बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

पावणेअकराला दार उघडलं आणि डॉक्टरबाई बाहेर आल्या. मास्क हनुवटीखाली ओढलेला, हात छातीशी धरलेले. इतक्या लवकर कोणी बाहेर येत नाही, एवढं चारबोटेला कळत होतं. तो उभा राहिला.

"काकू ठीक आहेत," त्या आधी म्हणाल्या. "पण मला तुमच्याशी बोलायचंय. गाठ फोटोत दिसली त्यापेक्षा वर सरकलेली वाटते. ठरल्याप्रमाणे कापलं तर वरच्या अंगाला जेमतेम बोटभर माया मिळते. कडेचा तुकडा तपासायला पाठवला. तपासणारे म्हणतात, साफ आहे असंही सांगता येत नाही आणि नाही असंही नाही. शिवाय डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, तिच्या तोंडाशी दोन ग्रंथी हाताला मोठ्या लागतात. रोगाने सुजल्यात की नुसत्याच सुजल्यात, हात लावून कळत नाही."

"मग?"

"मग दोन रस्ते. एक, ठरलंय तेवढंच काढायचं. ऑपरेशन सोपं, काकूंना झेपेल, खाता येईल. पण मागे काही राहिलं तर राहिलं. दुसरा, पूर्ण जठर काढायचं, प्लीहा काढायची, भोवतालचं सगळं साफ करायचं. अन्ननळी सरळ आतड्याला जोडायची. त्यात गळतीचा धोका जास्त, ताप धरू शकतो, आणि त्यांचं वजन बघता अंगाला किती झेपेल ते मला आज सांगता येत नाही."

"तुमची आई असती तर काय केलं असतंत?" चारबोटेने विचारलं.

"माझी आई असती तर मी कात्री हातात धरली नसती. खरं सांगू? आमच्यातच दोन तट आहेत. अर्धे म्हणतात जास्त घ्या, अर्धे म्हणतात कशाला. मी तुमच्यावर ढकलत नाहीये काका, पण ज्यांना विचारायला हवं त्या झोपल्यात."

याला ढकलणं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात, असं एखाद्याला वाटेल. पण त्या बाईचाही इलाज नव्हता. शहाण्या माणसालाही जिथे उत्तर माहीत नसतं, तिथे तो विचारायला बाहेर येतो, आणि बाहेर बाकावर कोण बसलेलं असतं, तर एक शिंपी.

चारबोटेने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, "आमच्याकडे गंजलेला पाइप असला तर..." आणि तिथेच थांबला. त्याला बहीण आठवली असावी.

चारबोटेच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दोन घास मावतील एवढं ठेवायला सांगा. नुसतं जगायचं नाही, जेवायचंय. आणि ते सांगायला त्याच्या तोंडात शब्दही एकच होता, चाळीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला.

"माया ठेवा, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "भरपूर ठेवा."

"भरपूर?"

"हो."

डॉक्टरबाईंनी हातमोजा घातलेली चार बोटं जुळवून वर धरली. "चार बोटं?"

"चार बोटं," तो म्हणाला. "बायको तसंच म्हणालीय मला."

"मग ठरलं." त्यांचा चेहरा मोकळा झाला. दार लागलं.

एक सिस्टर कागद घेऊन आली. कसली तरी संमती, एक पान भरून बारीक अक्षरांत. चष्मा त्याच्या वरच्या खिशात होता. जो माणूस दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नव्हता, त्याने चष्मा न काढता सिस्टरने बोट ठेवलं तिथे सही केली. मग तो बाकावर बसला आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं. सांगितलं होतं तसं तो बोलला होता.

पावणेचारला त्यांना आतल्या छोट्या खोलीत बोलावलं. काढलेला भाग घरच्यांना दाखवायची तिथे पद्धत होती. स्टीलच्या ट्रेवर हिरवं कापड झाकलं होतं. डॉक्टरबाईंचे डोळे लाल झाले होते आणि टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. त्यांनी कापड बाजूला केलं.

"ही गाठ," त्या म्हणाल्या. चिमट्याच्या टोकाने त्यांनी अक्रोडाएवढी कडक जागा दाखवली. मग चिमटा गोल फिरवत नेला, वरपर्यंत, डावीकडे, खाली पिवळ्या चरबीच्या जाड अस्तरावरून. "आणि ही तुमची माया. चार बोटं म्हणालात, कुठे कुठे सहा भरेल."

चारबोटेने नकळत हात पुढे केला आणि हवेतच बोटं मोजली. चार, आठ, बारा. ट्रे भरला होता.

"आत किती ठेवलंत?" त्याने विचारलं.

"आत?" त्यांना प्रश्न कळला नाही. "आत काही नाही, काका. पूर्ण काढलं. प्लीहासुद्धा. तुम्हीच म्हणालात ना, भरपूर माया ठेवा."

शिंप्याच्या टेबलावर कापलेला तुकडा ठेवायचा असतो आणि उरलेलं कातरण फेकायचं असतं. माया सोडायची ती ठेवायच्या तुकड्याला. इथे कापलेला तुकडाच फेकायचा होता, आणि माया त्याच्याबरोबर ट्रेमध्ये आली होती. शब्द तोच, बोटं तितकीच, फक्त कात्रीची बाजू बदलली होती. आणि हा शब्द त्या बाईंना शिकवला कोणी? त्यानेच. नखाने रेघ मारून.

सात तास उभं राहिलेली बाई त्याच्याकडे बघत होती. तिने काही चुकवलं नव्हतं. तो काय म्हणणार होता? परत ठेवा? उसवलेलं शिवता येतं. कापलेलं पुन्हा सलग होत नाही, हे त्याच्याइतकं त्या इमारतीत कोणाला ठाऊक होतं?

"हो," तो म्हणाला. "मीच म्हणालो."

मेहुण्याने त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. मेहुण्याला वाटलं, ट्रे बघून त्याला कसंतरी झालं.

तिसऱ्या दिवशी बायको नीट शुद्धीवर आली. नाकात नळी, पोटाला नळी. पहिलं तिने तेच विचारलं.

"सांगितलंत का?"

"सांगितलं."

"काय सांगितलंत?"

त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. "म्हटलं, माया ठेवा. भरपूर ठेवा."

तिने डोळे मिटले आणि तिच्या ओठांचे कोपरे हलले. चाळीस वर्षं न ऐकलेलं वाक्य तिने त्या दिवशी नीट ऐकलं. "शहाणे आहात," ती म्हणाली.

त्याने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. आता पुढचं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरबाई फेरीवर आल्या आणि पलंगाची दांडी धरून म्हणाल्या, "काय काकू, काकांनी सांगितलं ना? भरपूर माया ठेवून कापलंय."

"हो," बायको म्हणाली. "त्यांचं कामच तसं असतं."

दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मधल्या मधे चारबोटे उभा होता, हातात पाण्याचा पेला, आणि ते पाणीसुद्धा तिला द्यायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी जोड गळला. ताप चढला, आणखी एक नळी घातली, तोंडाने सगळं बंद. मेहुणा रोज येऊन बाकावर बसायचा. त्या दिवसांत त्याने नळांबद्दल एक शब्द काढला नाही. तीन आठवड्यांनी गळती थांबली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि मग म्हणाला, खाली चहा घेऊ या.

तपासणीचा पूर्ण रिपोर्ट त्या मधल्या दिवसांतच आला होता. डॉक्टरबाईंनी चारबोटेला खोलीत बोलावून घेतलं. त्यांचा उसवलेला खिसा अजून तसाच होता.

"कडा सगळ्या साफ," त्या म्हणाल्या. "चौतीस ग्रंथी काढल्या, त्यांतल्या तीनांत रोग निघाला, त्याही गाठीला चिकटूनच. त्यासाठी पुढे औषधं द्यायची. लांबच्या एकीतही काही नाही."

"प्लीहेजवळच्या?"

"नुसत्याच सुजल्या होत्या."

"आणि वरचा हिस्सा? ठेवणार होतात तो?"

त्यांनी कागद पुन्हा पाहिला. खरं तर पाहायची गरज नव्हती. "तोही साफ होता."

"म्हणजे ठेवला असता तर चाललं असतं."

"आज म्हणता येतं," डॉक्टरबाई हळू बोलल्या. त्यांना असं बोलताना त्याने पहिल्यांदाच ऐकलं. "त्या दिवशी म्हणता येत नव्हतं. काढल्यावरच कळतं की काढायची गरज होती का. आमच्या धंद्याचं रडगाणंच आहे हे."

"डॉक्टरबाई, त्या दिवशी मी म्हणालो ना तुम्हाला..."

"बरोबर म्हणालात," त्यांनी त्याला पुरं बोलूच दिलं नाही. "तो निर्णय घ्यायला छाती लागते. मी चार ठिकाणी तुमचा दाखला दिलाय. माया शब्दासकट."

त्याने खिशातून सुई-दोरा काढला. "कोट द्या," तो म्हणाला. "खिसा उसवलाय." आणि तिथेच बसून त्याने खिसा शिवून दिला. त्या घाबरल्या, नको नको म्हणाल्या, पण त्याला त्या क्षणी दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

बायको घरी आली ती सदतीस किलोची होऊन. चहाच्या बशीत खायचं, दिवसातून आठ वेळा. तिसऱ्या घासाला तिला दरदरून घाम फुटायचा आणि ती आडवी व्हायची. उठली की म्हणायची, "होईल सैल हळूहळू. आत माया ठेवलीय ना. आतड्याला थोडी सवय लागली की सुटेल." ती हे त्याची समजूत घालायला म्हणायची. तो बशी उचलून मोरीकडे जायचा आणि तिथे नळ सोडून थोडा वेळ उभा राहायचा. रोज ठरवायचा की आज सांगू. पण तिच्याकडे टेकायला तेवढी एकच जागा होती, ती तो कुठल्या तोंडाने काढून घेणार?

औषधांच्या सुया घ्यायला दर तीन आठवड्यांनी जावं लागे. थंडी पडली होती. तिचा करडा लोकरी कोट त्यानेच अठरा वर्षांपूर्वी शिवलेला, भरल्या अंगाचा. पहिल्या खेपेला तो तिच्या खांद्यांवरून ओघळू लागला. तिने तो त्याच्या टेबलावर टाकला.

"आत घ्या," ती म्हणाली. "पण कापू नका हं. अंग भरलं की उसवायला लागेल."

त्याने दोन्ही बाजू दोन-दोन बोटं आत घेतल्या. दुसऱ्या खेपेला पुन्हा घ्याव्या लागल्या. चौथ्या खेपेला त्याने कोट उलटा केला तेव्हा आत कापडाच्या इतक्या घड्या झाल्या होत्या की इस्त्रीने शिवण बसेना. कापून टाकलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. कात्री शेजारीच होती. त्याने मशीनची सुई जाड घातली, चाक हाताने फिरवत एक एक टाका उतरवला आणि मायेला कात्री लावली नाही.

ती कोट घालून आरशासमोर उभी राहिली. बटणं तिने स्वतः लावली, त्याला वेळ लागला. मग बाजूला हात नेऊन शिवणीतलं जाड कापड दोन बोटांत धरलं, दाबून पाहिलं, आणि आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाली, "बघा, अजून केवढी आहे आत."

"हो," तो म्हणाला. "भरपूर आहे."